मी तसं म्हणाले नव्हते

त्या सकाळी औशाच्या घरी मी नळावरून पाणी भरून आत आले, तर माय म्हणाली, "सुजे, एका पायातली चप्पल कुठं टाकलीस?"

खाली बघितलं. डावा पाय अनवाणी. चप्पल तिकडं नळाजवळ पालथी पडली होती. मधल्या खडीवरून मी तशीच चालत आले होते आणि पायाला त्याचा पत्ताच नव्हता.

मी हसले. माय हसली नाही.

माझं नाव सुजाता. सीमेवरच्या एका दलात मी जवान आहे आणि दलाकडून क्रॉस-कंट्री स्कीइंग खेळते. सिनेमात दिसतं तसं डोंगरावरून सुसाट खाली येणं म्हणजे हा खेळ नव्हे. पायांना लांब, अरुंद स्की, हातात दोन काठ्या, आणि चढ-उतार-सपाट असा लांबच लांब बर्फ स्वतःच्या दमावर कापायचा. औशात बर्फ फक्त रसवंतीवाल्याकडं मिळतो, त्यामुळं लातूर जिल्ह्यातली पोरगी यात कशी शिरली, हे मला सगळे विचारतात. उत्तर साधं आहे. शाळेत पळायची, पळण्यावर भरती झाले, पहिलीच नेमणूक बर्फात मिळाली. तिथल्या उस्तादांनी माझा दम बघितला आणि पायात स्की अडकवल्या. पहिल्या महिन्यात उभी कमी, पडलेली जास्त होते. चौथ्या हिवाळ्यात राष्ट्रीय पदक मिळालं. मग आम्हा तिघींना उत्तर इटलीतल्या एका दरीत दोन हिवाळे सरावाला पाठवलं. तिथं आम्हाला शिकवायला एलेना होती, एके काळी इटलीच्या संघातून खेळलेली.

सुट्टीत घरी आले की मी चाकांच्या स्की घालून लातूर रस्त्याच्या कडेनं सराव करायची. जीपवाले गाडी हळू करून ओरडायचे, "ताई, पडशीला की!" त्या आठवड्यातही रोज गेले होते. त्याआधी एका लग्नात जेवून पोट बिघडलं होतं, तेही बरं झालं होतं. पायांना मुंग्या येत होत्या, त्या मी सरावाच्या खात्यावर टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मुंग्या गुडघ्यापर्यंत चढल्या. तिसऱ्या दिवशी न्हाणीत बसले ती उठताच येईना. आतून हाक मारली. माय धावत आली, माझ्या काखेत हात घालून ओढायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की मी जरासुद्धा मदत करत नाहीये.

"काय व्हायलंय गं तुला?" ती म्हणाली. 

हातोडी

मिलिंद, माझा नवरा, नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. लग्नानंतर मी त्याला 'अहो' म्हणायची. बर्फातून फोन करता करता 'तू' कधी झालं कळलं नाही. माणसांत अजून 'अहो'च. तो त्या दिवशी तास अर्धवट सोडून निघाला आणि औशातल्या डॉक्टरांकडं कित्येक तास घालवून आम्ही लातूरला पोचलो, तेव्हा दवाखान्याच्या दारात येऊन उभा होता. त्यानं मला गाडीतून उचललं. लग्नात उखाण्याच्या वेळी लोक म्हणत होते उचल, उचल, तेव्हा लाजला होता.

न्यूरोच्या डॉक्टरांनी मला पलंगाच्या कडेला बसवलं आणि रबरी हातोडीनं गुडघ्यावर टिचकी मारली. मी पाय उडायची वाट बघत राहिले. पाय तसाच लोंबत राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. त्यांनी दुसऱ्या गुडघ्यावर मारलं. मग घोट्यावर. मग कोपरावर. 

"पंधरा दिवसांत कधी पोट बिघडलं होतं?"

"हाव," मी म्हणाले. आणि तो प्रश्न त्यांना कसा सुचला या विचारानंच मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

"जीबीएस असावा," डॉक्टर म्हणाले. "शरीर चुकून स्वतःच्याच नसांवर उलटतं. बहुतेक माणसं यातून बरी होतात. पण बरं होण्याआधी हे वाढतं. कुठं थांबेल ते आज मला सांगता येणार नाही."

"वाढतं म्हणजे?" मिलिंदनं विचारलं.

"आता पाय. मग हात. कदाचित श्वास."

मग ते माझ्याकडं वळले. "मॅडम, मोठा श्वास घ्या आणि एकाच श्वासात आकडे म्हणत चला."

हे मला येत होतं. श्वास हीच माझी कमाई. मी पन्नाशी ओलांडली तेव्हा डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. "खेळाडू आहात का?" मला अभिमान वाटला. पुढची तपासणी संध्याकाळी झाली आणि मी तिशीत अडकले. परत म्हणते, म्हणाले. परत तिशीतच. सकाळी विशी गाठता आली नाही. प्रत्येक वेळी मिलिंद पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून माझ्याबरोबर ओठ हलवायचा. मी थांबले की त्याचेही ओठ थांबायचे.

औषध सुरू झालं होतं, बाटलीतून थेंब थेंब. पण औषध आणि आजार यांच्यात आजार पुढं होता. हात गेले. पाण्याचा घोट नाकातून बाहेर आला. दुपारी जेवणाच्या गाड्या फिरत होत्या, वरणाचा वास येत होता, आणि मी सिस्टरला सांगितलं, "मला श्वास..." आणि 'पुरत नाही' म्हणायला दुसरा श्वास घ्यावा लागला. तिनं माझ्या नखांकडं बघितलं आणि ओरडली. पडदे ओढले गेले. पडद्याच्या फटीतून मिलिंदचा चेहरा दिसला. त्याला कुणीतरी मागं सारत होतं.

नळी घालण्याआधी झोपेचं इंजेक्शन देतात. ते चढेपर्यंतचे क्षण मी विसरणार नाही. मी छातीला हलायला सांगते आहे, आणि छाती ऐकत नाही.

काचेच्या आत

जाग आली तेव्हा मी कुठंच नव्हते. म्हणजे, शरीर नावाची गोष्ट माझ्या ताब्यात नव्हती. पापण्याही मिटत नव्हत्या, म्हणून मधूनमधून डोळ्यांत मलम घालून त्यावर पट्ट्या लावायचे. बुबुळं तेवढी हलत. मशीन श्वास घेत होतं, मी त्याच्यामागं फरफटत होते.

ज्यांचं माणूस आयसीयूच्या काचेआड असं पडलं आहे, त्यांना मी एकच गोष्ट सांगेन. ऐकू येतं. सगळं ऐकू येतं. आणि दुखतं. लोकांना वाटतं हलत नाही म्हणजे कळत नाही. माझ्या तळपायांना चादर लागली तरी निखाऱ्यावर ठेवल्यासारखं व्हायचं, आणि तोंडातून 'स्' निघायची सोय नव्हती.

सकाळी अंग पुसायचं. मग कुशीवर वळवायचं. मग सक्शन, म्हणजे नळीत दुसरी नळी घालून कफ ओढायचा. त्या वेळी बुडाल्यासारखं होतं. पुन्हा कुशीवर. पुन्हा सक्शन. रंजना सिस्टर असली की ती आधी सांगायची, "सुजाताताई, आता घालायले बरं का, थोडं घाबरल्यासारखं होईल, मी हाय." एवढंच. दुसऱ्या कुणी न सांगता करत तेव्हा तीच गोष्ट दुप्पट वाटायची. एकदा माझ्या नाकाला खाज सुटली होती आणि ती किती वेळ सुटली होती ते सांगता येणार नाही. रंजना सिस्टरनं जाता जाता ओल्या कापसानं नाक पुसलं. त्या क्षणी माझं जे काही होतं ते मी तिच्या नावावर केलं असतं.

तिनंच ठरवून दिलं, हो असेल तर बुबुळं वर, नाही असेल तर खाली. पुढं तिनं एका पुठ्ठ्यावर अक्षरंही लिहून आणली.

भेटीच्या वेळेत माय आत यायची आणि आल्या आल्या बोलायला लागायची. शेजारीण काय म्हणाली, शेवग्याला शेंगा किती लागल्या, कुणाची म्हैस व्याली. थांबायचीच नाही. एकदा डॉक्टर म्हणाले, "आजी, पेशंटला जरा आराम करू द्या."

माय म्हणाली, "साहेब, माझं माहेर किल्लारीचं हाय. भूकंपात माझा भाऊ ढिगाऱ्याखाली होता. आम्ही वरून बोलत राहिलो. काहीबाही, जे सुचंल ते. बाहेर काढल्यावर त्यो म्हणाला, आक्का, तुझा आवाज बंद झाला असता तर मी झोपलो असतो. मी बोलणार."

डॉक्टर पुढच्या पलंगाकडं वळले. मला हे त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. घरात भूकंपाचं कुणी बोलत नसे.

माय गेली की लांबच लांब दुपार उरायची. तेव्हा मी इटलीतल्या दरीत जायची. कडेनं पाईनची झाडं, मध्ये यंत्रानं आखलेली दोन खोबणींची वाट, आणि माझ्या पुढं एलेनाची पाठ. दरवेळी जमायचं असं नाही. कधी कधी दरी यायचीच नाही, नुसतं मशीन ऐकू यायचं.

एलेनानं तिची सगळी कारकीर्द मला स्कीच्या तळाला मेण घासता घासता सांगितली होती. घरी गुरं. हिवाळ्यात शाळेला जायची वाट स्कीवरूनच. विशीत ती इटलीच्या संघात आली, रिले शर्यतीच्या चौघींतली एक झाली. मग एका मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिला काढून दुसरीला घेतलं, आणि त्या नव्या चौघींना पदक मिळालं. एलेना कुंपणापलीकडं त्यांची जाकिटं धरून उभी होती. त्यानंतरही ती कित्येक हिवाळे शर्यती करत राहिली. पहिल्या दहात पुन्हा कधी आली नाही. तिशीच्या पुढं गुडघा गेला, तेव्हा थांबली.

"मग एवढे हिवाळे कशासाठी?" मी विचारलं होतं.

"मला स्कीवर जायला आवडायचं," ती म्हणाली होती.

तेव्हा मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं. पडून असताना कळलं की मला पदकं आठवत नव्हती. सकाळी पहिल्यांदा काठी रोवताना कोरड्या बर्फाचा कुरकुर आवाज येतो, तो आठवत होता.

फोन

गळ्याला भोक पाडून नळी तिथं बसवली होती, त्यानंतरची गोष्ट. भेटीची वेळ होती. माझ्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. मिलिंद आत आला, माझ्या कपाळावर हात ठेवला. त्याच्या हाताला खडूचा वास यायचा तो येत नव्हता. म्हणजे तो कॉलेजला जातच नव्हता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एलेना होती. त्यानं फोन माझ्या कानाला लावला.

"सुजाता," ती तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "मी तुझ्या डॉक्टरांशी बोलले. वेळ लागणार. घाई नको. मुली तुझी आठवण काढतात." आणि मग ती थोडा वेळ नुसतीच फोनवर राहिली. तिचा श्वास ऐकू येत होता.

मिलिंदनं फोन घेतला आणि दोन पावलं बाजूला गेला. दोनच पावलं.

"हो मॅडम," तो म्हणाला. "नाही. ती परत येणार नाही. पुढच्या हिवाळ्याच्या संघातली तिची जागा अडवून ठेवू नका. तिच्या दलाकडंही मी तसंच कळवतोय." मध्ये थांबला. एलेना काहीतरी विचारत असणार. मग तो म्हणाला, "हो, तिचंही हेच म्हणणं आहे. मी तिला विचारलंय."

त्यानं मला विचारलं नव्हतं.

मी ओरडले. म्हणजे, आत. बाहेर काहीच झालं नाही. माझं सगळं अंग एका 'नाही'वर येऊन अडकलं होतं आणि एक बोटसुद्धा हलत नव्हतं. तेवढ्यात मॉनिटर वाजायला लागला. ठोके वाढले होते, रक्तदाब चढला होता. सिस्टर धावल्या, "बाहेर व्हा, बाहेर व्हा." मिलिंदचा घाबरलेला आवाज आला, "काय झालं हिला?" कुणीतरी म्हणालं, या आजारात असं होतं, अचानक चढतं. खरं आहे, होतं. मला इंजेक्शन दिलं. झोप चढत असताना मला वाटत होतं, आता मी जागी होईन तेव्हा माझं आयुष्य दुसऱ्या कुणी आवरून ठेवलेलं असेल.

त्या दिवसापासून मिलिंदनं काहीही विचारलं की मी बुबुळं खाली करायची. दुखतंय का? नाही. माय बसू दे का? नाही. मी आहे ना? नाही. तो डॉक्टरांना म्हणाला, ही खचली आहे. मी खचले नव्हते, चिडले होते. खोटं कशाला सांगू, त्या रागानं मला त्या दिवसांत भीतीपेक्षा जास्त जागं ठेवलं.

रंजना सिस्टरच्या पुठ्ठ्यावरून मी ते सांगू शकले असते. अक्षराअक्षरानं, ती जुळवत गेली असती. पण ती गोष्ट मला दुसऱ्याच्या तोंडून वाचून दाखवलेली नको होती.

आवाज

आजार गेला तो वरून खाली. आधी मान. मग खांदे उचलता यायला लागले. एक दिवस अंगठा हलला आणि माय रडत बाहेर जाऊन शेजारच्या पेशंटच्या माणसांनासुद्धा सांगून आली. मशीन थोडा थोडा वेळ काढायचे. त्या वेळा शर्यतीपेक्षा भयंकर होत्या. श्वास आपला आपण घ्यायचा, आणि पुढचा येईल याची खात्री नाही. काही दिवस तर मी स्वतःच डोळ्यांनी विनवायची, लावा परत.

शेवटी गळ्यातल्या नळीवर बोलायचं झाकण बसवायचा दिवस आला. डॉक्टर, रंजना सिस्टर, माय, मिलिंद, सगळे पलंगाभोवती.

"बोला मॅडम," डॉक्टर म्हणाले. "कुणाला हाक मारताय?"

माय वाकली. तिला वाटलं तिला हाक मारणार. मी मिलिंदकडं बघितलं. पत्रा घासल्यासारखा आवाज आला, तो माझा होता.

"मी... तसं... म्हणाले नव्हते."

"काय म्हणायलीस लेकरा?" माय म्हणाली. सिस्टर हसून म्हणाली, पहिल्यांदा असंच होतं, अर्थ लागत नाही. पण मिलिंदला अर्थ लागला होता. त्याचा चेहरा खडूसारखा झाला. तो बाहेर गेला आणि त्या दिवशी परत आत आला नाही.

नांदेड

पुढच्या उपचारांसाठी मला नांदेडला हलवलं. घर तिथंच, आणि फिजिओथेरपीचा चांगला विभागही. गिळता यायला लागल्यावर पहिलं अन्न म्हणून डॉक्टरांनी कुस्करलेलं केळं सांगितलं. मिलिंद सकाळीच अर्धापूरला जाऊन झाडावर पिकलेली फणी घेऊन आला. चमच्यानं भरवत होता. मी खात होते. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. ते केळं जगातलं सगळ्यात गोड होतं आणि ते मला त्याच्या हातून खायचं नव्हतं, दोन्ही खरं.

तो रोज यायचा. माझ्या पायाला पट्टा बांधायचा, कारण डाव्या पायाचा पंजा उचलत नव्हता. तळपायांना तेल लावायचा. सासूबाई म्हणायच्या, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. 

एका सकाळी फिजिओच्या हॉलबाहेर बाकावर आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "का?"

त्याला 'कशाबद्दल' असं विचारावं लागलं नाही.

"तुला माहीतंय तू कशी दिसत होतीस?" तो म्हणाला. "निळी. ओठ निळे, नखं निळी. तू तुझा श्वास आतून बघितलास, सुजा. मी बाहेरून बघितलाय. परत न्हाई बघायचा मला."

"म्हणून माझ्या नावानं खोटं बोललास?"

"हाव, बोललो. तू बर्फात, वर, कुठं कोण हाय तिथं? पडलीस तर मला खबर कधी लागणार? दर हिवाळ्यात मी फोनकडं बघत बसायचो. तुला ते कधी दिसलंच न्हाई."

"दिसलं असतं, सांगितलं असतंस तर."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

मी खरं ते सांगितलं. "नाही."

"मग?"

"मग माझ्याशी भांडला असतास. मी पडलेली असताना नाही. माझं तोंड बंद असताना नाही." माझा आवाज फाटला. "मिलिंद, तिथं माझ्याकडं काहीच नव्हतं. हात नाही, पाय नाही, श्वास नाही. एक मत होतं. ते मला न विचारता तू दिलंस."

 मग आतून फरहीन मॅडमनी नाव पुकारलं आणि त्यानं सवयीनं मला उठवायला हात पुढं केला. मी तो घेतला, कारण त्याशिवाय उठता येत नव्हतं.

"एलेनाला फोन करून सांग," मी म्हणाले. "ते तुझं म्हणणं होतं म्हणून."

 कित्येक दिवस त्यानं फोन केला नाही.

फरहीन मॅडम

माझ्या फिजिओथेरपिस्ट फरहीन मॅडमचा पहिला नियम, थकायच्या आधी थांबायचं. हा आजार झालेल्या प्रत्येकानं हे लिहून ठेवावं. मी ऐकलं नाही. मला आयुष्यभर उलटं शिकवलं होतं. पाय जळायला लागले की खरा सराव सुरू होतो, असं.

दवाखान्यातून घरी सोडल्यावर, पट्टा लावून, कठड्याला धरून चालता यायला लागलं तशी मी घरी कुणी नसताना गच्चीवर फेऱ्या मारायला लागले. पाय थरथरले तरी अजून एक. अजून एक. एका दुपारी तर कठडा सोडून चालले. आनंदानं मला एकटीलाच हसू आलं.

दुसऱ्या सकाळी उठायला गेले आणि उजवा पाय उचलेना. चांगला होता तो उजवा. बोटांत मुंग्या. तीच पहिली मुंगी, जी औशात आली होती. मला ती हजारांत ओळखता आली असती.

"मिलिंद!"

तो आला, माझ्याकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. उचललं. तसाच जिना उतरला. रिक्षात मी एकाच श्वासात आकडे म्हणायला सुरुवात केली, मनाशी, मग मोठ्यानं. तोही माझ्याबरोबर म्हणत होता. या वेळी मोठ्यानं. तिशी गेली. चाळिशी गेली. रिक्षावाला आरशातून बघत होता. पन्नाशीच्या जवळ मी थांबले, ते रडू आलं म्हणून. श्वास शिल्लक होता.

डॉक्टरांनी तपासलं. आजार परतला नव्हता. नसा नुकत्या जुळत होत्या, मी त्यांना घोड्यासारखं पळवलं होतं. काही दिवस पूर्ण विश्रांती. फरहीन मॅडम माझ्यावर कडाडल्या, "तुम्हाला पदक घ्यायचंय की पाय? एक सांगा, मी तसं शिकवते." मी म्हणाले, "पाय." "बसा मग गुमान."

घरी परतताना मला वाटलं, आता मिलिंद म्हणणार, बघ, मी सांगितलं नव्हतं? तो हक्कच होता त्याचा. पण घरी आल्यावर त्यानं मला पलंगावर बसवलं, फोन काढला आणि माझ्यासमोर एलेनाला लावला.

"मॅडम, मी सुजाताचा नवरा. मागं तुम्हाला जे सांगितलं ते तिचं म्हणणं नव्हतं. माझं होतं. मी तिला विचारलं नव्हतं." त्याचं इंग्रजी अडखळत होतं. "तिला काय हवं ते ती सांगेल." आणि फोन माझ्या हातात देऊन तो स्वयंपाकघरात गेला.

मी एलेनाला सांगितलं की मला यायचं आहे. ती गोड बोलली नाही. तुझी जागा गेली, ती म्हणाली. तिथं आता दुसरी मुलगी आहे आणि ती चांगली आहे. तुला यायचं तर सगळ्यांसारखं निवडीच्या शर्यतीतून यावं लागेल, आणि मला नाही वाटत तू निवडली जाशील.

"तरी येऊ?"

"ये की," ती म्हणाली.

आत मिलिंद चहाला आधण ठेवत होता. भांड्यांचा आवाज येत नव्हता. ऐकत असणार.

वर

पुढचा हिवाळा मी नांदेडलाच काढला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वैद्यकीय मंडळानं मला हलक्या कामावर घेतलं आणि दलानं सरावाची परवानगी दिली. डावा पंजा अजून पूर्ण उचलत नाही. तळपायांना बधिरपणा आहे, बर्फ कोरडा की ओला हे आता मला पायानं कळत नाही, काठीच्या आवाजावरून ओळखावं लागतं. संध्याकाळी मी इतकी थकते की ताटावर डोळे मिटतात. जे गेलं आणि परत आलं नाही, तेही सांगायला हवं, म्हणून सांगितलं.

निवडीच्या शर्यतीला मिलिंद आला. मी बोलावलं नव्हतं. रजा टाकून, दोन गाड्या बदलून, शेवटी आमच्या दलाच्या ट्रकमधून आला. नांदेडच्या बाजारातून घेतलेली माकडटोपी, आणि वर कुणीतरी दिलेला कोट, गुडघ्यापर्यंत.

सुरुवातीलाच मागं पडले. सपाटीवर धरून राहिले, पण चढ आला की डावी स्की घसरायची, पाय वेळेत उचलायचा नाही. एकेक मुलगी बाजूनं पुढं गेली. माझी जागा मिळालेली ती मुलगीही गेली, सुंदर, पाण्यासारखी. शेवटच्या चढावर छाती फुटायला आली आणि जुनी भीती आली, पुढचा श्वास येईल का. आला. त्याच्या पुढचाही आला.

चढाच्या माथ्यावर मिलिंद उभा होता. इतरांची माणसं टाळ्या वाजवत होती. हा टाळ्या वाजवत नव्हता. मुठी आवळून माझ्या ओठांकडं बघत होता. रंग तपासत होता. मी जवळून जाताना त्याच्या तोंडून शब्द फुटला, "हाण! हाण सुजे!" आणि मग तो कडेच्या भुसभुशीत बर्फातून, मांडीपर्यंत रुतत, माझ्या बाजूनं पळायला लागला. थोडा पळाला आणि उताणा पडला.

मी शेवटून दुसरी आले. माझं नाव संघात आलं नाही. एलेनानं दुपारी फोनवर निकाल विचारला, मी सांगितला, ती म्हणाली, "चढ कसा वाटला?" आम्ही चढाबद्दलच बोललो.

फोन ठेवला तेव्हा मिलिंद शेकोटीशी बसून ओले मोजे वाळवत होता. त्याचं नाक लाल झालं होतं. मला वाटलं, आता तो बोलेल. झालं तुझं समाधान? चल आता घरी. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं.

तो मोजा उलटा करत म्हणाला, "पुढल्या वर्षी ही शर्यत साधारण कधी असते? कॉलेजात रजेचं आधीच सांगावं लागतं."